पाहुणीची पिल्लं

३ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र मिळालं. फोन करत जाऊ नकोस, आमच्या इथली लाइन फार खराब आहे. तू बोलतेस ते पाण्याखालून आल्यासारखं येतं आणि मग मी नुसता हो हो म्हणत राहतो. पत्रातलं नीट कळतं.

घर बंद करून तुझ्याकडे कधी येतो, असं तू विचारलंस. लगेच जमणार नाही. एक काम राहिलं आहे आणि ते तुझ्या वहिनीचं आहे, म्हणून अर्धवट टाकता येत नाही.

आवारातल्या मांजरांचं सगळं तीच बघायची, हे तुला माहीत आहे. बाहेरची मांजरं पिंजऱ्यात पकडायची, दवाखान्यात नेऊन त्यांची नसबंदी करून घ्यायची आणि होती तिथेच आणून सोडायची. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक भुलीतच कापतात. त्यामुळे ते लांबून ओळखता येतं आणि पुन्हा पकडलं जात नाही. पिल्लं सापडली तर ती घरी आणून वाढवायची आणि कुणाच्या तरी गळ्यात मारायची. मी फक्त पिंजरा उचलायचो. मला मांजरांची फार आवड आहे असं नाही.

आता आवारातल्या सगळ्यांचे कान कापून झाले आहेत. एक राखाडी मादी तेवढी राहिली. तुझी वहिनी तिला पाहुणी म्हणायची, कारण ती जेवायच्या वेळेला येते आणि भांडं चाटून झालं की मागे वळूनही न बघता जाते. पिंजऱ्याला ती कधी फसली नाही. आजारपणात तुझी वहिनी मला दोन-तीनदा म्हणाली, "तेवढी पाहुणी राहिली." दुसरं काही तिने मागितलं नाही.

आणि घाई अशी आहे की इमारतीच्या सेक्रेटरीने मागच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, बाईंकडे बघून आम्ही इतकी वर्षं गप्प बसलो. आता या आवारात एक जरी नवीन पिल्लू दिसलं तर मी विष टाकणारा माणूस बोलावणार." तो बोलतो तसं करतो. विष टाकणारा काही कान बघत बसणार नाही. तिने ऑपरेशन करून आणलेली सगळी मांजरं जातील.

जेवतो-खातो वेळेवर. भाऊजींची तब्येत कळव.

दादा


६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार शेवटी करीन, आधी भांडते. वहिनी गेल्यापासून तीन महिने मी 'ये, ये' म्हणून घसा कोरडा करतेय आणि तू मला मांजराचं कारण सांगतोस? इथे लोकांना काय सांगू, भाऊ का नाही आला? त्याला एका पाहुणीने अडवलंय? ऐकणारे काय अर्थ काढतील!

हे वाचून ह्यांना हसू आलं. एका बाजूनेच येतं, पण आलं. म्हणाले, "जन्मभर माणसांशी चार वाक्यं बोलला नाही, आता मांजराची मनधरणी करतोय." ह्यांचा डावा हात अजून उचलत नाही. उठवायला, बसवायला मीच लागते. नाहीतर मीच आले असते आणि तुला मांजरासकट पिंजऱ्यात घालून आणलं असतं.

तुला सांगू, ती तुला का सापडत नाही? तू पिंजऱ्याशेजारी फोरमनसारखा हाताची घडी घालून उभा राहत असशील. वहिनी तिथे निवडायला भाजी घेऊन बसायची आणि मांजराकडे बघायचीच नाही. मी पाहिलंय. तसं कर. भाजी नसेल तर पेपर घे.

लाइन खराब तर खराब, बाई. लिहीन मी पत्रं. पण एक सांग, दार कुणी वाजवलं तर तुला कळतं ना? कडी नीट लावतोस ना? एकटा आहेस म्हणून विचारते, उगाच फुरंगटू नकोस.

विष टाकायची भाषा करतो म्हणजे काय! पकड बाबा तिला लवकर.

तुझी चिमणी


१३ फेब्रुवारी

चिमणे,

पाहुणी काल सापडली.

पेपर घेऊन बसण्याचा उपाय लागू पडला, हे कबूल करतो. त्याआधी आठवडाभर पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधून ठेवलं होतं आणि खाणं आतच देत होतो. कारखान्यात प्रेसवर नवीन साचा बसवला की आधी तो पत्रा न घालता चालवून बघतात, तसं. काल तार काढली आणि दाराला दोरी लावली. ती आत गेली, मी दोरी सोडली. वर चादर टाकल्यावर ती शांत झाली, पण तिचं गुरगुरणं पिंजऱ्याच्या कडीतून माझ्या खांद्यापर्यंत जाणवत होतं.

ऑपरेशन झालं. कानही कापला. नंतर डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. त्या मास्क लावून बोलतात, त्यामुळे मी त्यांना तो काढायला सांगितला. त्या म्हणाल्या, "ही दूध पाजतेय. पिल्लं कुठे आहेत?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "घरी जाऊन नीट ऐका. आई दिसली नाही की ती ओरडून जागा डोक्यावर घेतात. असतील तर मी हिला आजच सोडते. नसतील तर दोन रात्री इथे राहू दे, टाका ओला आहे."

मी सगळं आवार पायाखाली घातलं. पंपाची खोली, जिन्याखालची मोकळी जागा, कचऱ्याच्या डब्यांची मागची बाजू, उभ्या गाड्यांच्या खाली. प्रत्येक ठिकाणी थांबून कान देऊन ऐकलं. सगळीकडे शांत होतं. तसं मी दवाखान्यात जाऊन सांगितलं. बोक्यांनी आधीच मारली असतील असं बाईंना वाटलं.

खरं म्हणजे पिल्लं ओरडतात हेच मला पटलेलं नाही. तुझ्या वहिनीने एकदा चपलांच्या खोक्यात तीन पिल्लं आणली होती. दिवसभर ती जबडा फाटेल एवढी तोंडं उघडत होती, पण आवाज नाही. मी विचारलं होतं, ही मुकी आहेत का? ती म्हणाली, "आवाज नंतर येतो." आता तिच्याइतकी पिल्लं कुणी वाढवली आहेत?

संध्याकाळी सेक्रेटरी जिन्यात भेटला. जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे शब्द नीट कळले नाहीत. त्याने स्वतःच्या कानाला हात लावून काहीतरी विचारलं. कान कापला का असं विचारत असणार. मी म्हटलं, "हो, झालं ते काम." तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि वर निघून गेला. कुणाचं कौतुक करायची त्याला सवय नाही.

तेव्हा तुझ्या वहिनीचं काम संपलं. पाहुणीला उद्या आणून सोडतो. महिनाअखेरीला तुझ्याकडे यायचं बघतो.

दादा


१५ फेब्रुवारी

दादा,

पत्र आत्ता मिळालं. हातातलं टाकून लिहायला बसले. त्याआधी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू "लाइन खराब आहे, पत्र लिही" म्हणालास आणि ठेवून दिलास. मी किंचाळत होते, दादा. इकडे शेजारच्या बाई धावत आल्या.

इमारतीतल्या कुणाला तरी सोबत घे आणि पुन्हा एकदा सगळीकडे बघ. बाईमाणूस असेल तर बरं. घरातही बघ, मागे-पुढे, माळ्यावर. तुझ्या नजरेवर माझा विश्वास आहे, पण दोघांनी ऐकलेलं बरं असतं. का म्हणून विचारू नकोस. धाकटी बहीण हट्ट करतेय असं समज आणि कर.

ह्यांना औषध द्यायची वेळ झाली. बाकीचं मागाहून लिहिते.

चिमणी


१७ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र आज मिळालं. एवढी कसली घाई ते कळलं नाही.

मशीनच्या आवाजात जरा फरक पडला की कुठलं बेअरिंग जाणार ते मी उभ्याउभ्या सांगायचो. माझ्या हाताखालचे लोक म्हणायचे, साहेबांचे कान म्हणजे डॉक्टरची नळी. तेव्हा मांजराच्या पिल्लांसाठी शेजारणीला घेऊन अंगणात ऐकत फिरायची वेळ माझ्यावर आलेली नाही. शिवाय इमारतीतले लोक सध्या माझ्याशी तुटक वागतात. काल सेक्रेटरीच्या बायकोला नमस्कार केला तर तोंड फिरवून गेली. एवढं मांजर पकडून दिलं त्याचं हे.

पाहुणीला ठरल्याप्रमाणे १४ तारखेला आणून सोडलं. पिंजरा उघडला तशी ती अंगणात क्षणभरही थांबली नाही. सरळ पाइपवरून आमच्या मागच्या गॅलरीत चढली. जाळीला खालच्या कोपऱ्यात एक भोक आहे, त्यातून तिचं सारखं आत-बाहेर चाललं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. त्या गॅलरीत मी जात नाही. तिथे अडगळ आहे. मांजराने घाण केली तर उपसायला मीच, म्हणून काल ती बाहेर गेल्याचं बघून मी बाहेरच्या बाजूने शिडी लावली आणि भोकावर फळी ठोकली.

तेव्हापासून ती बाहेर कठड्यावर बसून आहे. जाळीला नखं मारते, माझ्याकडे बघून घोगरं ओरडते. मासळी ठेवली तर तोंड लावत नाही. ऑपरेशनचा राग असणार. विसरेल.

तू रागावू नकोस. तुझ्या पत्रातला सूर मला नेहमीसारखा वाटला नाही म्हणून लिहिलं.

दादा


१७ फेब्रुवारी

दादा,

परवाचं पत्र मी अर्धवट लिहिलं. तुझ्या उत्तराची वाट न बघता हे पाठवतेय. खाली बसून वाच.

तुला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. जाड आवाज येतात, म्हणून तुला ते कधी समजलं नाही. पुरुषांचं बोलणं येतं, मशीन येतं, दार आपटलेलं येतं. वहिनीचा आवाज पहिल्यापासून जाड, तो यायचा. माझा येत नाही. लाइन खराब नाही, दादा. तुझी लाइन कधीच खराब नव्हती.

तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला आला होतात तेव्हा शेगडीवर किटली शिट्टी मारत होती आणि तू तिला पाठ लावून पेपर वाचत होतास. मी ओरडणार तेवढ्यात वहिनीने माझा हात धरला. मला बाहेर नेऊन म्हणाली, "ह्यांना सांगायचं नाही. माझी शपथ." कारखान्यात कळलं असतं तर तुला प्रेसवरून काढून स्टोअरला बसवलं असतं आणि तिथे तू झुरला असतास, असं तिचं म्हणणं. तू रिटायर झाल्यावर मी पुन्हा विचारलं. म्हणाली, "गेलंय हे ह्यांना जाणवतच नाही. मी आहे ना सोबत. कशाला सांगायचं?"

तुमच्या दाराची घंटा तिने बदलून ती घुर्र करणारी बसवली, ती यासाठी. गजराचं घड्याळ काढून टाकलं आणि स्वतः तुला हलवून उठवायला लागली. रस्त्यात तुझं कोपर धरून चालायची, तेव्हा आम्ही तुम्हाला चिडवायचो.

पिल्लं ओरडतात, दादा. भिंतीपलीकडून ऐकू येतील एवढी ओरडतात. खोक्यातली ती तीन पिल्लं दिवसभर ओरडत होती. आवाज नंतर येतो, हे तिने तुला खोटं सांगितलं.

तू अंगणात कान देऊन ऐकलंस तेव्हा ती ओरडत असणार. कुणाला तरी ऐकायला ने. सेक्रेटरीला ने, पाय धर त्याचे. आणि मला हवं ते बोल, पण आधी पिल्लं शोध.

चिमणी


२० फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र काल दुपारी आलं. दोनदा वाचलं आणि वर जाऊन सेक्रेटरीचं दार वाजवलं. मी म्हटलं, "मला पिल्लांचा आवाज ऐकू येत नाही. तुम्हाला येतो का?" तो म्हणाला, "आता नाही येत. परवापर्यंत येत होता." मी विचारलं, कुठून? त्याने बोट खाली केलं. "तुमच्याच घरातून, काका. मागच्या गॅलरीतून."

तो माझ्याबरोबर खाली आला.

गॅलरीत तुझ्या वहिनीची गादी आहे. शेवटचा महिना ती त्या गादीवर होती. तिला नेलं त्या दिवशी मी ती गुंडाळून, दोरीने बांधून तिथे उभी करून ठेवली. टाकायची हिंमत झाली नाही आणि घरात ठेवायचीही झाली नाही. तेव्हापासून गॅलरीचं दार मी उघडलं नव्हतं. सगळं आवार पालथं घातलं तेव्हाही ते उघडलं नाही. तिथे काही असू शकेल हे डोक्यातच आलं नाही, कारण तिथे काय आहे ते मला माहीत होतं.

गुंडाळीच्या पोटात चार पिल्लं होती. दोन राखाडी, दोन काळी-पांढरी. सगळी मेलेली.

सेक्रेटरीने खोकं आणलं. खड्डाही त्यानेच काढला. मधेच थांबून तो म्हणाला, "काका, माफ करा. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम..." मग म्हणाला, "मी जिन्यात तुम्हाला म्हटलं होतं, ऐकवत नाही हो ते, काहीतरी करा. तुम्ही म्हणालात, झालं ते काम." चिमणे, या माणसाला मी विष टाकणारा समजत होतो. तो आणि त्याची बायको रोज वर बसून ते ऐकत होते आणि खाली राहणारा म्हातारा पिल्लांना उपाशी मारतोय असं समजत होते. तरी दार वाजवून भांडले नाहीत, कारण घरात नुकतंच माणूस गेलेलं.

विषाचं नाव आता तो काढत नाही.

तुझ्या वहिनीवर राग नाही असं लिहिणार होतो. पण आहे. तिने माझ्यावर दया केली आणि मला सांगितली नाही. यावरून तिच्याशी भांडायला हवं होतं आणि भांडायला ती नाही.

तुला एक सांगायचं आहे. मी आज डॉक्टरीणबाईंकडे जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, पाहुणी दवाखान्यात होती त्याच दोन दिवसांत पिल्लं गेली असणार, एवढी लहान तग धरत नाहीत. म्हणजे तू पंधराचं पत्र लिहायला बसलीस त्याच्या आधीच. तेव्हा तू मधले दोन दिवस थांबलीस त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मनाला लावून घेऊ नकोस. भाऊजींकडे लक्ष दे.

दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून मी खूप रडले. हे विचारत होते काय झालं, त्यांना सांगता येईना. मग सांगितलं. ते म्हणाले, "मला वाच." वाचून दाखवलं, आधीचीही सगळी. ह्यांचं शरीर अर्धं गेलंय, डोकं शाबूत आहे. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या सतराच्या पत्रातलं परत वाच, मांजर सोडल्यावरचं."

मी परत वाचलं.

तू लिहिलं आहेस, पाहुणीला सोडलं तशी ती गॅलरीत चढली आणि सारखी आत-बाहेर करत होती. दादा, पिल्लं मेलेली असती तर ती तसं कशाला करील? एकदा हुंगून निघून गेली असती. ती पाजायला जात होती. आणि तुझा सेक्रेटरी म्हणाला, परवापर्यंत आवाज येत होता. मेलेली पिल्लं ओरडत नाहीत. एवढं मलाही कळतं.

तारखा मीच जोडल्या. पंधराला तुझं पत्र माझ्या हातात होतं. त्याच दिवशी मी सगळं खरं लिहिलं असतं तर ते तुला सतराला मिळालं असतं. मी नाही लिहिलं. पेन हातात होतं आणि मला वहिनीची शपथ आठवली, तुझा चेहरा आठवला. तुला वाईट वाटेल म्हणून मी 'बाईमाणूस सोबत घे' असलं काहीतरी गुळमुळीत लिहिलं आणि तुला ते लागलं, तू कुणालाच घेतलं नाहीस. बरोबर केलंस. असल्या पत्राचं कोण ऐकेल?

डॉक्टरीणबाई खरंच तसं म्हणाल्या का? की वहिनी तुला सांगायची तसं तू मला सांगतोयस?

मला खरं सांग. तुझं सगळं सहन करीन, पण आता असलं काही नको. सतराला पत्र मिळालं असतं तर पिल्लं वाचली असती का?

चिमणी


२८ फेब्रुवारी

चिमणे,

उत्तराला उशीर झाला. लिहून दोनदा फाडलं. तू पंधरा तारखेला का अडखळलीस ते मला त्यामुळे कळलं, एवढा या उशिराचा उपयोग.

कान तपासून आलो. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की हात वर करायला सांगितलं. सुरुवातीला मी बरोबर हात वर करत होतो. मग बराच वेळ काही आलं नाही, म्हणून मी बाहेर बघितलं. तर त्यांचं बटण दाबणं चालूच होतं. तेवढ्यावरून मला समजलं. यंत्र बसवून मिळेल. सगळं परत येणार नाही, थोडं येईल, असं म्हणाले.

पाहुणीचं दूध आटलं. टाका भरला. फळी काढल्यावर ती एकदाच आत गेली, जिथे गादी होती ती जागा हुंगली, आणि बाहेर आली. आता जेवायला येते. मी घरात असलो तर येत नाही, भांडं ठेवून मला आत जावं लागतं. सेक्रेटरीची बायको कधीकधी ठेवते, तेव्हा ती लगेच येते. गादी मी दिली टाकून.

आता तू विचारलंस त्याबद्दल.

डॉक्टरीणबाईंनी तसं काही सांगितलं नाही. मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो. तुला वाचवायचं म्हणून घरी बसून लिहिलं. लिहिताना मला बरं वाटत होतं, हे जास्त वाईट. तुझ्या वहिनीलाही तसंच बरं वाटत असेल.

गादी सोडली तेव्हा तीन पिल्लं गार, ताठ झालेली होती. चौथं तसं नव्हतं. ते राखाडी होतं. ते कोमट होतं आणि त्याची मान अजून वाकत होती. मी ते हातात घेतलं. हलत नव्हतं, आवाज नव्हता. पण मला आवाज आला नाही म्हणजे तो नाहीच असं मी कसं धरणार? म्हणून मी ते सेक्रेटरीच्या कानापाशी धरलं. त्याने खूप वेळ ऐकलं. मग मान हलवून म्हणाला, "नाही, काका." मी म्हटलं, पुन्हा ऐका. त्याने पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही, तरी त्याने आपणहून ऐकलं.

पाहुणी जाळीबाहेर बसून होती. तिने सगळं पाहिलं.

फळी मी ठोकली. तुझ्या पत्राने ठोकली नाही, हेही तितकंच खरं आहे आणि ते तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. पण तू विचारलंस, सतराला कळलं असतं तर?

हो, चिमणे. वाचली असती. चारही.

हे वाचल्यावर मी तुझ्याकडे यावं असं तुला अजून वाटत असेल तर कळव. वाटत नसेल तरी कळव.

दादा